नाडी

विट्याहून येणारी साडेचारची एस.टी.
बेलखडीच्या फाट्यावरच सोडते.
तिथून पुढं चालत, मी आणि गजराकाकी.
तिच्या पिशवीत खोबरेलाची निळी बाटली, चिंधी,
आणि माझ्यासाठी दोन केळी,
मी पन्नाशीचा असलो तरी.

शाळेसमोर, पाण्याच्या टाकीखाली, तो बसलाय.
काळा दगड.
एक पाय उघडा, दुसऱ्या बुटाची नाडी
सोडायला वाकलेला, तो वाकलेलाच.
मिरजेचा कारागीर म्हणाला होता म्हणे,
लढाई संपली की माणूस पहिल्यांदा बूट काढतं.
सरपंचांनी अर्धे पैसे रोखून धरले:
जवान सांगितला होता, हा तर दमलेला गडी.
बंदूक पाहिजे.
कारागिरानं बंदूक केली. पाठीमागं, दगडाला टेकवून.
बघायची तर वळसा घालून जावं लागतं.

चौथऱ्यावर कोरलंय:
युद्धसमाप्ती, १७ डिसेंबर १९७१.
खाली तीन नावं, हुद्द्यासकट.
काका त्यात नाही.
सॅपर आनंदा नलवडे गेला नऊ फेब्रुवारीला,
अबोहरच्या पुढं, मोहरीच्या रानात,
आपल्याच लोकांनी पुरलेले सुरुंग
मोजून परत काढताना.
नकाशात एकशे चाळीस.
निघाले एकशे एकोणचाळीस.

कमिटी म्हणाली, वहिनी, तारीख बघा,
लढाई तर संपली होती.
काकी म्हणाली, व्हय,
त्येंच्या कागदात बी तसंच हुतं:
लढाई संपली, शिमग्याला येतो.

पेटी आली तिच्यात घड्याळ, कांबळं, पितळी मग,
आणि न घातलेले बूट, आठ नंबर.
ते कुणाला दिले
हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

मी अबोहरात सोनं गाळतो, तीस वर्षं झाली.
सुटीच्या दिवशी स्कूटर काढून त्या रानांकडं गेलोय.
नेमकं कुठलं, ते कुणालाच सांगता येत नाही.
एका म्हाताऱ्या सरदारानं लस्सी पाजली, म्हणाला,
तेव्हा सगळीच रानं तसली होती.
काकीनं विचारलं, मोहरी हाय का अजून?
नाही, किन्नूच्या बागा आहेत.
ते काय असतं?
संत्र्यागत.
मग बरं, म्हणाली.

गुडघा धरून ती चौथऱ्यावर चढते.
उघड्या पायाला तेल लावते,
टाच, घोटा, बोटांच्या बेचक्या.
बाकी जवान धुळीनं करडा,
तेवढा पाय काळाभोर, आत्ताच धुतल्यासारखा.
दर साली तेच म्हणते:
ह्याची बोटं सरळ हायत.
त्येंचं दुसरं बोट आंगठ्यावर चढायचं. बूट चावायचा.
आणि तेच सरळ बोट
पुन्हा एकदा चिंधीनं पुसते.

दिवस कलता कलता भरतीची पोरं आली,
घामानं निथळत, कुणी बुटात, कुणी अनवाणी.
जाता जाता एकेकानं त्या पायाला हात लावला,
कपाळाला नेला.
पॉवर येती, एक मला म्हणाला,
आणि हाताचं तेल पोटरीला पुसलं.

काकी तिथंच बसलेली, जवानाला लागून,
चपलेतला खडा काढत.
आजी, सरका की, पाया पडायचंय.
पड की, मी कुठं आड येतीया?
आणि सरकली नाही.
पोरगं घुटमळलं. आधी दगडाच्या पायाला,
मग सवयीनं तिच्या पायाला हात लावून
घड्याळ बघत पुन्हा सुटलं.

ए बाळा, काकी ओरडली, नाडी सुटलीया तुजी.

ते ऐकायच्या पुढं गेलं होतं.
आम्ही केळी खाल्ली.
साली तिनं पिशवीत ठेवल्या,
शाळेपुढं घाण नको म्हणून.